मतमोजणीनंतरचं पान: दोन तट पडलेल्या निवडणुकीत सिनगॉगने काय करावं

प्रश्न असा आहे: निवडणुकीत समाजाचे उभे दोन तट पडतात तेव्हा ज्यू परंपरा लोकशाहीबद्दल आणि समोरच्याच्या जागी जाऊन बघण्याबद्दल काय सांगते? आणि नुसती सुभाषितं सोडली तर त्यातलं सिनगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरात, प्रत्यक्ष काय वापरता येतं?

आधी थेट उत्तर. या परंपरेत सहृदयतेची शिस्त घालून दिलेली आहे. बैठकीत आधी कोणी बोलायचं, कोणाचं म्हणणं आधी मांडायचं, हरलेलं मत कुठे लिहून ठेवायचं, हरलेल्या माणसाकडे बातमी घेऊन कोणी जायचं, हे सगळं ठरलेलं असतं. माणसांची मनं मोठी होण्याची वाट बघत कोणी बसत नाही. बहुमताबद्दलची भूमिकाही कोरडी आहे. बहुमताने निर्णय लागतो आणि तो पाळायचा. पण निर्णय बरोबर असला तरी त्यानंतर जिंकलेले कसे वागले याचा वेगळा हिशोब द्यावा लागतो.

उदाहरणासाठी अमेरिकेतलं सिनगॉग आणि 5 नोव्हेंबर 2024 ची अध्यक्षीय निवडणूक घेऊ. अमेरिकेतले बहुसंख्य ज्यू डेमोक्रॅटिक पक्षाला मत देतात, ऑर्थोडॉक्स म्हणजे कर्मठ मंडळींचा कल रिपब्लिकन पक्षाकडे असतो, आणि मधल्या सिनगॉगांमध्ये दोन्हीकडची माणसं एकाच बाकावर बसतात. त्यात 7 ऑक्टोबर 2023 च्या हमासच्या हल्ल्यानंतरच्या गाझातल्या युद्धाने आणखी एक चीर पाडलेली. घरात बाप एकीकडे आणि लेक दुसरीकडे, असंही होतंच.

यासाठी वापरायचं पान एकच: तल्मूदच्या, म्हणजे ज्यू धर्मपंडितांच्या चर्चांच्या प्राचीन ग्रंथाच्या, बाबा मेत्सिया या भागातलं 59 वं पान. लोकशाहीवर बोलणारा प्रत्येक वक्ता ते अर्धंच सांगतो, म्हणून इथे पूर्ण सांगतो. वाद आहे एका भट्टीवरून. कापून तुकडे केलेली आणि तुकड्यांमध्ये वाळू भरलेली भट्टी धर्मनियमाने शुद्ध की अशुद्ध? रब्बी म्हणजे धर्मगुरू एलिएझर म्हणतात शुद्ध, बाकी सगळे पंडित म्हणतात अशुद्ध. एलिएझर जगातले सगळे युक्तिवाद करतात, कोणी ऐकत नाही. मग चमत्कार सुरू होतात. कॅरोबचं झाड शंभर हात सरकतं, ओढा उलटा वाहतो, अभ्यासघराच्या भिंती कलतात. शेवटी आकाशवाणी होते की एलिएझरचंच बरोबर आहे. त्यावर रब्बी यहोशुआ उभे राहून म्हणतात, "ते आकाशात नाही." म्हणजे तोरा, मोशेला मिळालेलं धर्मशास्त्र, आता माणसांच्या हातात दिलेली आहे, आकाशवाणीने निकाल फिरत नाही. तोरातल्या निर्गम या पुस्तकातल्या 23:2 मधल्या शब्दांचा आधार घेऊन ठरतं की बहुमताकडे झुकायचं. देव हे ऐकून हसला आणि म्हणाला, "माझ्या लेकरांनी मला हरवलं." ही बातमी रब्बी नाथानला कोणी सांगितली? एलियाहू हन्नाबीने, म्हणजे संदेष्टा एलियाने. कोकणातले बेने इस्राएल ज्यू ज्याच्या नावाने मलिदा करतात आणि ज्याच्या घोड्याची टाप अलिबागजवळ खंडाळ्याला दाखवतात, तोच हा.

बहुतेक भाषणं इथे संपतात. टाळ्या मिळतात, लोकशाही जिंकते. पान मात्र पुढे चालूच राहतं. त्याच दिवशी एलिएझरनी शुद्ध ठरवलेल्या सगळ्या वस्तू आणून जाळल्या. मग मतदान घेऊन त्यांना बहिष्कृत केलं. आता हे त्यांना सांगायला जाणार कोण? रब्बी अकिवा म्हणाले, "मी जातो. भलताच कोणी गेला आणि वेडंवाकडं बोलला तर जगाचा नाश होईल." अकिवांनी काळे कपडे घातले, गेले, आणि एलिएझरांपासून चार हात अंतर ठेवून बसले. बहिष्कृताशी ठेवायचं अंतर तेच आहे, साधारण दोन मीटर. एलिएझर विचारतात, आज काय वेगळं? अकिवा म्हणतात, "गुरुजी, मला वाटतं की तुमचे सोबती तुमच्यापासून दूर होत आहेत." म्हातारा कपडे फाडतो, जोडे काढतो, जमिनीवर बसतो, डोळ्यांतून पाणी. आणि जगातल्या ऑलिव्हचा, गव्हाचा, जवाचा एक-एक तृतीयांश करपून जातो. शेवट त्याहून वाईट आहे. बहिष्कार घालणाऱ्यांचे प्रमुख रब्बान गमलिएल. त्यांची बहीण इम्मा शालोम ही एलिएझरांची बायको. नवरा प्रार्थनेत जमिनीवर डोकं टेकून मन मोकळं करू नये म्हणून ती रोज त्याच्यावर लक्ष ठेवते, कारण त्याने तसं केलं तर भाऊ मरेल हे तिला ठाऊक आहे. एक दिवस लक्ष चुकतं, आणि भाऊ मरतो. तिला कसं कळलं? ती म्हणते, सगळे दरवाजे बंद होतात, शब्दांनी दुखावलेल्याचा दरवाजा बंद होत नाही.

हे सगळं त्या पानावर आहे कारण तिथल्या चर्चेचा विषयच बोलण्याने होणारी इजा हा आहे. भट्टीची गोष्ट तिथे उदाहरण म्हणून येते. त्याच पानावर पुढे मोजदाद आहे की परक्याला त्रास देऊ नका असं तोरात छत्तीस वेळा, आणि काहींच्या मते शेहेचाळीस वेळा बजावलंय. बहुमत, जिंकणाऱ्यांची वागणूक आणि परका माणूस, तिन्ही एकाच पानावर मिळतात. म्हणून निवडणुकीच्या आधी समाजासमोर एकच मजकूर ठेवायचा असेल तर हा ठेवावा.

आता बैठक कशी घ्यायची ते. बारा ते चोवीस माणसं, दीड तास. जास्त आली तर दोन बैठका करा, पण चाळीस जणांना एका खोलीत बसवू नका. दोन कागद छापा, एकावर आकाशवाणी आणि देवाचं हसणं इथपर्यंत, दुसऱ्यावर उरलेलं. पाठपोट छापू नका, लोक उलटून पुढचं वाचतात आणि सगळी गंमत जाते. मूळ हिब्रू-अरामी एका बाजूला, भाषांतर दुसऱ्या बाजूला. खुर्च्या अर्धवर्तुळात. हे मिश्नातलंच, म्हणजे तल्मूदच्या गाभ्याशी असलेल्या नियमसंग्रहातलंच आहे: सनहेद्रिन, म्हणजे जुनं ज्यू न्यायमंडळ, गोल खळ्याच्या अर्ध्यासारखी बसत असे, प्रत्येकाला प्रत्येकाचा चेहरा दिसावा म्हणून. ओळीत खुर्च्या लावल्या की माणसं एकमेकांच्या पाठी बघून बोलतात आणि भाषणं सुरू होतात.

शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या, दिवशी बैठक असेल तर कागद शुक्रवारी दुपारीच आत आणून ठेवा, कारण अनेक ठिकाणी त्या दिवशी रस्त्यावरून वस्तू वाहून नेत नाहीत. लिहिणं नाही, फोनचा टायमर नाही, वेळ भिंतीवरच्या घड्याळावर पाळायची. लोकांनी काही लिहावं असं वाटत असेल तर सरळ बुधवारची संध्याकाळ घ्या.

पहिली वीस मिनिटं जोड्यांमध्ये, म्हणजे हव्रूता पद्धतीने. एकाने वाक्य मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने त्याचा अर्थ सांगायचा, मग अदलाबदल. जोड्या तुम्हीच लावा. सगळ्यात कट्टर दोघांना एकत्र बसवायचा मोह होतो, तो टाळा. थोडीफार ओळख आहे पण जवळीक नाही, अशी माणसं जोडीला चांगली. पहिल्या कागदावर प्रश्न एकच द्या: एलिएझरची बाजू मांडा. त्यांच्याकडे पुरावे होते, आकाशवाणी त्यांच्या बाजूने होती, तरी ते हरले. हरूनही आपणच बरोबर होतो असं वाटणाऱ्याच्या कातडीत शिरायला हा प्रश्न पुरतो, आणि उमेदवाराचं नावही घ्यावं लागत नाही.

मग दुसरा कागद, पुन्हा वीस मिनिटं. इथला प्रश्न नेमका हवा: मत मोजून झाल्यावर बहुमतवाल्यांनी केलेल्या गोष्टींपैकी कोणती गरजेची होती आणि कोणती नव्हती? बहुतेक जोड्या या क्रमाने जातात: निर्णय लागू करणं गरजेचं, वस्तू जाळणं बहुधा नाही, बहिष्कार नक्कीच नाही. पण एखादी जोडी बहिष्काराची बाजू घेते, आणि ती घेऊ द्या. गमलिएल स्वतः म्हणतात की हे मी माझ्या मानासाठी केलं नाही, इस्राएलमध्ये भांडणं वाढू नयेत म्हणून केलं. संस्था वाचवायला कठोर व्हावं लागतं हा मुद्दा खरा आहे. सगळ्यांचं एकमत झालं तर बैठक फसली असं समजा.

एकमताबद्दल तल्मूदचा एक कायदाच आहे. देहदंडाच्या खटल्यात तेवीस न्यायाधीश बसतात. सोडायला एका मताचं आधिक्य पुरतं, शिक्षेला दोन मतांचं लागतं, आणि तेवीसच्या तेवीस जणांनी दोषी म्हटलं तर आरोपी सुटतो. त्याची बाजू कोणालाच दिसली नाही याचा अर्थ कोणी ती शोधलीच नाही. अशा खटल्यात बोलायला सुरुवात कडेला बसलेले कनिष्ठ न्यायाधीश करतात, म्हणजे ज्येष्ठ काय म्हणाले याचं दडपण येत नाही. हा नियम बैठकीत जसाच्या तसा उचला: सर्वांत तरुण आधी, समितीचा अध्यक्ष आणि रब्बी शेवटी. रब्बींना हे जड जातं. तरी लावून धरा.

उरलेल्या वेळात आजचा विषय. इथे हिलेल या जुन्या पंडिताच्या घराण्याचा, म्हणजे शिष्यपरंपरेचा, नियम. हिलेल आणि शम्माय यांच्या शिष्यांचा वाद तीन वर्षं चालला, शेवटी आवाज आला की दोन्हीही जिवंत देवाचेच शब्द आहेत, पण कायदा हिलेलच्या बाजूने. का? कारण ते सौम्य होते, अपमान गिळत, दोन्ही मतं शिकवत, आणि आपल्या आधी शम्मायचं मत सांगत. व्यवहारात याचा अर्थ: उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं, तो "हो, हेच" म्हणेपर्यंत. दोन मिनिटं. नाही जमलं तर परत. आणि पहिल्या फेरीत कोणाला मत देणार हे विचारायचं नाही, हा निकाल उलटा लागला तर तुम्हाला कशाची भीती वाटते ते विचारायचं. भीतीला प्रतिवाद करता येत नाही, ती ऐकावीच लागते.

यात काय बिघडतं ते अनुभवी माणसाला आधीच ठाऊक असतं. पहिलं म्हणजे कोरह, मोशेविरुद्ध बंड करणारा. मिश्ना सांगते की स्वर्गासाठी केलेला वाद टिकतो, जसा हिलेल-शम्मायचा, आणि इतर वाद टिकत नाही, जसा कोरह आणि त्याच्या टोळीचा. हे वचन बैठकीत आलं की पाच मिनिटांत प्रत्येक बाजू दुसऱ्या बाजूला कोरह म्हणते. म्हणून ते वचन कागदावर घालू नका. कोणी काढलंच तर एकच विचारा: या वादात तुमचं मत बदलावं असं काय घडू शकतं? मिश्नात हिलेलच्या शिष्यांनी मत बदलून शम्मायकडे गेल्याची प्रकरणं नोंदवलेली आहेत. ज्याला या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही त्याने दुसऱ्याला कोरह म्हणू नये.

दुसरं, जखमी माणसालाच शिक्षक करणं. खोलीत एखादी स्थलांतरित बाई असते, एखाद्याचा मुलगा ट्रान्स असतो, कोणाची बहीण इस्राएलच्या सैन्यात असते. चालकाच्या तोंडून सहज निघतं, "तुम्ही सांगा ना तुमचा अनुभव." हे करू नका. त्या माणसाने आपणहून सांगितलं तर वेगळं. दुखावणाऱ्या शब्दांबद्दलची मिश्ना याच ठिकाणी आहे, आणि भर सभेत कोणाचा चेहरा पांढरा पाडणं तिथे रक्त सांडण्याच्या पंक्तीला बसवलेलं आहे.

तिसरं, शांततेच्या नावाखाली गप्प करणं. घराच्या शांतीसाठी तू जरा सोड, हे नेहमी दुबळ्यालाच ऐकवतात. इथे मध्ययुगातली एक प्रथा आठवावी. जर्मनी-फ्रान्सकडच्या सिनगॉगमध्ये ज्याच्यावर अन्याय झाला आहे असा माणूस उठून प्रार्थना किंवा तोराचं वाचन थांबवू शकत असे, त्याची तक्रार ऐकून घेईपर्यंत. विधवा असो की कर्जबाजारी, सगळ्या गावाची प्रार्थना थांबवण्याचा अधिकार एकट्याला. आज तसंच करा असं म्हणत नाही, पण समितीच्या सभेत कार्यक्रमपत्रिकेवर पहिला विषय सदस्यांच्या तक्रारी हा ठेवायला काय हरकत आहे? शेवटी ठेवला की वेळ संपतो.

चौथं, खोट्या माहितीला एक बाजू मानणं. मतदान कधी आहे, कोण मत देऊ शकतं, मोजणी कशी होते, या गोष्टी वादाच्या नाहीत. चालकाने तिथल्या तिथे दुरुस्त करावं, माणसाला न लाजवता. चूक दाखवण्याचा तोराचा आदेश आहे, पण तल्मूद असंही सांगतो की जे ऐकलं जाईल ते सांगणं जसं कर्तव्य, तसं जे ऐकलं जाणार नाही ते न सांगणंही कर्तव्य. भर बैठकीत बहुधा काहीच ऐकलं जात नाही. चहाच्या वेळी बाजूला घेऊन बोला.

आता पंचांग, कारण 2024 मध्ये ते फार सोयीचं होतं. 6 ऑक्टोबरला गदाल्याचा उपवास होता. हा उपवास राजकीय खुनाचा आहे. बाबिलोनने नेमलेला ज्यू राज्यपाल गदाल्या याला इश्माएल बेन नतन्या नावाच्या ज्यूनेच मारलं, आणि उरलेली वस्तीही उठली. दरवर्षी ज्यू नववर्षानंतर लगेच हे आठवतात आणि तरी या उपवासाकडे कोणाचं फारसं लक्ष नसतं. बैठकीची मालिका इथून सुरू करावी. इस्राएलचे पंतप्रधान यित्झाक राबिन यांचा 4 नोव्हेंबर 1995 ला खून झाला त्याआधी त्यांच्यासाठी धर्मशास्त्रातले जीवघेणे शब्द वापरले गेले होते आणि खुन्याने त्याच शब्दांचा आधार घेतला. त्यामुळे गदाल्याला जुनी गोष्ट म्हणण्याची सोय राहिलेली नाही. पिट्सबर्गच्या ट्री ऑफ लाइफ सिनगॉगमध्ये 27 ऑक्टोबर 2018 ला अकरा माणसं मारली गेली, तेही मध्यावधी निवडणुकीच्या दहा दिवस आधी. निवडणुकीच्या काळात दारावरचा पहारा वाढवणं हा या सगळ्या तयारीचाच भाग आहे.

गदाल्याच्या गोष्टीला दुसरी बाजूही आहे आणि ती सहृदयतेची मर्यादा दाखवते. योहानान बेन कारेहाने त्याला आधीच सावध केलं होतं. गदाल्याने ते खोटं म्हणून उडवून लावलं आणि जीव गमावला. तल्मूद त्यालाच दोष देतो: कुजबुज खरी मानू नये हे बरोबर, पण सावध राहायला हवं होतं. समोरच्याबद्दल चांगलं गृहीत धरा आणि कुलूपही लावा, दोन्ही एकदमच करायचं असतं.

12 ऑक्टोबरला योम किप्पुर, प्रायश्चित्ताचा दिवस. माणसाने माणसाशी केलेल्या चुका त्या दिवसाने धुतल्या जात नाहीत, आधी त्या माणसाची समजूत काढावी लागते, तीन वेळा जाऊन, दर वेळी तीन माणसं बरोबर घेऊन. निवडणुकीवरून आधीच तुटलेली नाती असतील तर प्रचार शिगेला पोचण्याआधी हाच दिवस. फक्त गटाच्या संदेशावर "कोणाला दुखावलं असेल तर क्षमस्व" असं टाकून मोकळं होऊ नका. ते कोणालाच उद्देशून नसतं.

2 नोव्हेंबरच्या शब्बाथला तोरावाचन नोहाचं होतं, त्याच्या शेवटी बाबेलचा मनोरा. सगळ्यांची एकच भाषा, एकच बोलणं, आणि देव ते मोडतो. मतदानाच्या आधीच्या शनिवारी यापेक्षा चांगला मजकूर मागूनही मिळाला नसता. आणि 9 नोव्हेंबरला, निकालानंतरच्या पहिल्या शब्बाथला, अब्राहाम आणि त्याचा पुतण्या लोट यांचं भांडण. तू डावीकडे गेलास तर मी उजवीकडे जातो. वेगळं होणं इथे मान्य आहे, त्यात पाप नाही. पण पुढच्याच अध्यायात लोटला कैद करून नेतात तेव्हा अब्राहाम 318 माणसं घेऊन त्याला सोडवायला धावतो. त्या शनिवारी प्रवचन देणाऱ्याने दोन्ही अध्याय सांगावेत. उत्पत्ति या पुस्तकातला एकटा तेरावा अध्याय सांगितला तर फाटाफुटीला आशीर्वाद दिल्यासारखं होतं.

कायद्याची बाजू पटकन. अमेरिकेत 1954 पासून करमाफी असलेल्या धार्मिक संस्थांना उमेदवाराचा प्रचार करायला बंदी घालणारी तरतूद आहे. मतदारनोंदणी करता येते, सर्व उमेदवारांना सारखी संधी देऊन सभा घेता येते, धोरणावर बोलता येतं. 2024 मध्ये व्यासपीठावरून अमक्याला मत द्या म्हणता येत नव्हतं, आणि संस्थेचा पैसा किंवा पत्त्यांची यादी प्रचाराला देता येत नाही. रब्बी नागरिक म्हणून स्वतःच्या नावाने हवं ते करू शकतात, पण सभासदांना तो फरक दिसत नाही, म्हणून बहुतेक जाणते रब्बी स्वतःच्या अंगणातही फलक लावत नाहीत. मत द्या म्हणायला मात्र पूर्ण मोकळीक आहे. रब्बी मोशे फाइन्स्टाइन यांनी 1984 मध्ये पत्र काढून सांगितलं होतं की या देशाने दिलेल्या स्वातंत्र्याबद्दलची कृतज्ञता म्हणून ज्यूंनी मतदान करावं. कोणाला, ते सांगितलं नाही.

निकालानंतर सगळ्यात जास्त चकमक होते ती देशासाठीच्या प्रार्थनेवरून. तोरावाचनानंतर ही प्रार्थना म्हणतात. मुळात ती यिर्मया संदेष्ट्याने बाबिलोनला नेलेल्या ज्यूंना लिहिलेल्या पत्रातून येते, ज्या नगरात तुम्हाला नेलं त्याचं भलं मागा, आणि मिश्नातल्या रब्बी हनिनाच्या वाक्यातून: राज्यासाठी प्रार्थना करा, त्याचा धाक नसता तर माणसाने माणसाला जिवंत गिळलं असतं. हे रोमन राज्याबद्दल म्हटलं होतं, म्हणजे आवडत्या सरकारची अट नाही. ज्यू धर्मातल्या मध्यममार्गी कॉन्झर्व्हेटिव्ह चळवळीसाठी लुई गिन्झबर्ग यांनी 1927 मध्ये जी प्रार्थना लिहिली तिच्यात देश, सरकार, नेता आणि सल्लागार यांच्यासाठी आशीर्वाद मागतात आणि द्वेष नाहीसा व्हावा म्हणतात. पदाधिकाऱ्याचं नाव नसलेला पाठ घ्या, तो ऑगस्टमध्ये समितीत मंजूर करून ठेवा, आणि निकालानंतर सहा महिने त्यातला एकही शब्द बदलू नका. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात केलेली कुठलीही दुरुस्ती, कितीही चांगली असली तरी, एका बाजूला तोंडात मारल्यासारखी वाटते.

आणि अकिवांचं काम. निकालाच्या दुसऱ्या दिवशी फोन कोण कोणाला करणार हे आधी ठरवा. मात्र कोण कुठल्या पक्षाचा याची यादी चुकूनही बनवू नका. ती एक दिवस बाहेर येते. यादी करायची ती एकट्या राहणाऱ्यांची, आणि ज्यांच्या घरावर निकालाचा थेट परिणाम होईल अशांची, निकाल कोणताही लागो. फोन शेजारी बसणाऱ्याने करावा, समितीच्या माणसाने नाही. बोलणं दहा मिनिटांत संपवा, विश्लेषण करू नका, "आता चार वर्षांनी बघू" असलं सांत्वन तर नकोच. अकिवांनी निकाल बदलला नाही, एलिएझर बरोबर होते असंही म्हटलं नाही. पण काळे कपडे घालून गेले आणि "तुमचे सोबती दूर होत आहेत" इतकंच म्हणाले. बातमी खरी सांगितली, तीही समोर बसून.

या सगळ्याला परंपरेने फार गोड रंग द्यायचं कारण नाही. हिलेल आणि शम्माय यांचे शिष्य एकमेकांत लग्नं करत राहिले हे मिश्ना अभिमानाने सांगते. जेरुसलेम तल्मूद मात्र हेही सांगतो की एका मतदानाच्या दिवशी शम्मायच्या शिष्यांनी खाली उभं राहून हिलेलच्या शिष्यांना ठार मारलं. आणि मताधिकाराबद्दलही घोळ होताच. एप्रिल 1920 मध्ये पॅलेस्टाइनमधल्या ज्यूंच्या प्रतिनिधी सभेची निवडणूक झाली तेव्हा रब्बी कूक यांचा स्त्रियांच्या मतदानाला विरोध होता आणि रब्बी उझिएल यांचा पाठिंबा. शेवटी जेरुसलेमच्या कर्मठांसाठी वेगळी, फक्त पुरुषांची मतदान केंद्रं ठेवली आणि तिथलं प्रत्येक मत दुप्पट मोजलं. तडजोड लाजिरवाणी होती, पण निवडणूक मोडली नाही. उझिएल यांचा युक्तिवाद आजही वाचण्यासारखा आहे: ज्यांच्यावर कायदे आणि कर लादता त्यांना निवडण्याचा हक्क कसा नाकारता?

मराठी वाचकाला यातली एक गोष्ट जवळची आहे. "परक्याचं मन तुम्ही जाणता, कारण तुम्ही मिसर देशात परके होता," असं निर्गम 23:9 म्हणतं. इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएलांना 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या रब्बी मंडळाने लग्नासाठी वंशावळीची चौकशी लावली. निदर्शनं झाली, उपोषणं झाली, आणि ऑगस्ट 1964 मध्ये नेसेटला, म्हणजे इस्राएलच्या संसदेला, ठराव करून सांगावं लागलं की हे सर्व अर्थांनी ज्यू आहेत. अन्याय करणारी मंडळी स्वतः शतकानुशतकं परकी म्हणून जगलेली. आणि ज्यांच्यावर अन्याय झाला त्या बेने इस्राएलांनीही कोकणात गोरा इस्राएल आणि काळा इस्राएल असा भेद पाळलेला होता, रोटीबेटीपर्यंत. जखम झाली म्हणून समज आपोआप येत नाही. तोराला ही आज्ञा म्हणून द्यावी लागली ती त्यामुळेच, आणि म्हणून बैठकीत "आपण ज्यू, आपल्याला परक्याचं दुःख कळतंच" असं कोणी म्हणालं की चालकाने तिथे थांबवून विचारावं, शेवटचं कधी, कोणाचं?

समितीच्या कामासाठी दोन बारीक गोष्टी राहिल्या. हरलेलं मत कारणांसकट इतिवृत्तात लिहा. "ठराव 9 विरुद्ध 6 ने मंजूर" एवढं पुरत नाही. मिश्नाने एकट्यादुकट्याची मतं नोंदवून ठेवली कारण पुढच्या न्यायालयाला त्यावर भिस्त ठेवावी लागू शकते. आणि बहुमत किती असावं यावर जुना वाद आहे: मध्ययुगातले पंडित रब्बेनू ताम यांचा कल सर्वसंमतीकडे, तर रोश म्हणजे आशेर बेन येहिएल म्हणतात की बहुमत चालणार नसेल तर समाज कधी कशावर एकमत होणार? मी रोशच्या बाजूचा. सर्वसंमतीची अट घातली की सगळ्यात हट्टी माणसाचं राज्य येतं.

दुसरी गोष्ट पदावरून उतरलेल्या माणसाची. तोच रब्बान गमलिएल, दुसऱ्या प्रसंगात, रब्बी यहोशुआचा भर सभेत अपमान करतो आणि अभ्यासघर उठाव करून त्याला काढतं. दारावरचा पहारेकरी हटवतात, आत येणाऱ्यांसाठी चारशे बाकं वाढवावी लागतात, काहींच्या मते सातशे. गमलिएल माफी मागायला यहोशुआच्या घरी जातो, काजळलेल्या भिंती बघतो आणि म्हणतो, "भिंतींवरून दिसतं तुम्ही कोळशाचं काम करता." यहोशुआ उत्तरतो, "ज्या पिढीचा तू पुढारी, तिची कीव येते. विद्वान कसे जगतात, काय खातात, हे तुला माहीतच नाही." मग समेट होतो. त्याच्या जागी आलेल्या एलाझार बेन अझर्याला काढून टाकत नाहीत, गमलिएललाही बाहेर ठेवत नाहीत. तीन आठवडे गमलिएलचं प्रवचन, एक आठवडा एलाझारचं. तुमच्या समितीत निवडणुकीवरून कोणी राजीनामा दिला असेल तर त्याच्याशी बोलायला जाताना अशी ठोस वाटणी हातात घेऊन जा: कुठलं काम, महिन्यातून किती वेळा, कोणाबरोबर. आणि भेट त्याच्या घरी ठेवा, सिनगॉगच्या कार्यालयात नको.